मास्तर घोड्याचा अर्ज

प्रदर्शनाला पाच दिवस राहिले असताना आमच्या घोड्याने समितीकडे लेखी अर्ज दिला, की या वर्षी रिंगणात आपल्याला मालकाने घेऊन जाऊ नये, कारण आपल्याला मालकाची लाज वाटते.

अर्जाची नक्कल समितीचा शिपाई साहेबराव सायकलवरून घेऊन आला. मी ओट्यावर बसून नव्या लगामाला तेल लावत होतो. त्याने वहीत माझी सही घेतली, तांब्याभर पाणी प्यायला आणि उत्तराची मुदत तीन दिवसांची आहे एवढे सांगून गेला. कागद एकच होता. टाइप केलेला, डावीकडे समास नीट सोडलेला. विषय लिहिला होता, ‘रिंगणात नेणारी व्यक्ती बदलून मिळणेबाबत’. खाली चार कलमे होती.

पहिल्या कलमात घोड्याने आपली माहिती दिली होती. नाव मास्तर, वय सात वर्षे, रंग तांबडा, कपाळावर पांढरा पट्टा, तीन पाय पांढरे, राहणार हिरालाल पाटील यांचा तबेला, मौजे हिंगवे. दुसऱ्या कलमात म्हटले होते की चारा, पाणी आणि जागा याबाबत आपली काहीही तक्रार नाही. तिसरे कलम दोन ओळींचे होते. ‘मला मालकाची लाज वाटते. लाज कशाची, हे मालकास माहीत आहे.’ चौथ्यात विनंती होती की शक्य असल्यास आपल्याला झिपरू सोनवणे यांच्या हाती द्यावे. खाली निळ्या शाईत पुढच्या उजव्या खुराचा ठसा होता. ठसा स्वच्छ उठला होता.

मला सगळ्यात जास्त लागले ते दुसरे कलम. चाऱ्याबद्दल तक्रार असती तर मी तोंड वर करून भांडलो असतो.

मी तबेल्यात गेलो. मास्तर कडबा खात होता. मी आलो म्हणून त्याने मान वर केली नाही आणि मुद्दाम फिरवलीही नाही. रोजच्यासारखाच खात राहिला. मी कागद हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिलो आणि मग पाण्याची टाकी भरली आहे का ते पाहून परत आलो. मास्तर घरी माझ्याशी कधी बोललेला नाही. मीही त्याला कधी काही विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तालुक्याला गेलो. कचेरीसमोर निंबाखाली जगतराव टाइपरायटर घेऊन बसतात. अर्जाच्या अक्षरातला ‘ळ’ अर्धवट उठला होता, त्यावरून मशीन त्यांचेच हे मी ओळखले. त्यांनी नाकारले नाही. मंगळवारी दुपारी घोडा आला होता, पुढे दोन माणसे होती, त्यांचे होईपर्यंत तो सावलीत उभा राहिला, मजकूर त्याने सावकाश सांगितला आणि एकदाही बदलला नाही, असे ते म्हणाले. आणखी काही बोलला का, असे मी विचारले. जगतरावांनी चष्मा पुसला. एकाच्या अर्जाबद्दल दुसऱ्याशी बोलण्याची आपली पद्धत नाही, असे त्यांनी सांगितले.

तिथून मी समितीच्या कार्यालयात गेलो. सचिव मुरलीधर वाणी हे निवृत्त मंडल अधिकारी. माणूस शांत. त्यांच्या टेबलावर मास्तरच्या नावाची फाइल तयार झाली होती. मला वाटले होते की ते माझ्या बाजूने हसतील, निदान आश्चर्य तरी दाखवतील. त्यांनी मला बसायला सांगितले आणि अर्ज मुदतीत आहे, ठसा तपासला आहे, असे सांगितले. असे अर्ज दर वर्षी दोन-तीन येतात. मागे एका घोडीने ढोल लांब ठेवण्याची मागणी केली होती, ती मंजूर झाली.

“लाज हे कारण चालतं का?” मी विचारले.

“चालतं,” वाणी म्हणाले. “भीती चालत नाही. भीतीला पशुवैद्यकाचा दाखला लागतो. लाजेला दाखला लागत नाही.”

मग त्यांनी मला रीत समजावून सांगितली. मी अर्जाला हरकत घेऊ शकत होतो. तसे केले तर जनावराचा पूर्ण जबाब सगळ्यांसमोर नोंदवला जाईल. मी अर्ज मान्य करू शकत होतो. तसे केले तर मास्तरला झिपरूच्या हाती द्यावे लागेल, पण झिपरूवर मागच्या वर्षापासून तीन वर्षांची बंदी आहे, जनावर रंगवल्याबद्दल. तिसरा मार्ग म्हणजे घोडा प्रदर्शनातून काढून घेणे, पण त्याला घोड्याची संमती लागते, आणि घोड्याने तर जायची इच्छा लेखी कळवली आहे.

“मग बंदी कशी उठते?”

“ज्याने रंग लावला त्याचा जबाब आला तर. झिपरूने लावला असेल तर बंदी राहील. दुसऱ्या कोणी लावला असेल तर त्या दुसऱ्याने येऊन सांगावं लागेल.” हे बोलताना ते माझ्याकडे पाहत नव्हते. टाचण्यांची डबी बंद करत होते. “दोन दिवस आहेत तुमच्याकडे. त्यातला एक रविवार.”

मागच्या वर्षी काय झाले ते आता सांगायला हवे.

कपाळावर पांढरा पट्टा आणि चारही पाय पांढरे असलेल्या घोड्याला पंचकल्याणी म्हणतात. त्याला शुभ मानतात आणि तळसवाड्याच्या प्रदर्शनात त्याचा वेगळा मान असतो. माझ्या वडिलांकडे पंचकल्याणी घोडी होती. ती रिंगणात आली की लोक उभे राहत. वडील गेले, घोडी गेली, आणि माझ्याकडे मास्तर आला. तो देखणा आहे, चाल सरळ आहे, मान उंच आहे. पण त्याचा मागचा उजवा पाय तांबडा आहे. दोन वर्षे मी त्याला रिंगणात नेले आणि दोन्ही वर्षे कोणी ना कोणी म्हणाले की तुमच्या वडिलांची घोडी काही वेगळीच होती. लोक ते चांगल्या मनाने म्हणत. तिसऱ्या वर्षी, म्हणजे मागच्या वर्षी, प्रदर्शनाच्या दिवशी पहाटे मी केस उजळायच्या पावडरीची तीन पाकिटे कालवून त्या पायाला लावली. झिपरूबाबा तेव्हा तिथे नव्हते. पाय पांढरा झाला. पण परीक्षकांनी ओले फडके फिरवले तेव्हा केसांबरोबर कातडीही सोलून आली आणि मास्तरने पाय उचलून धरला.

परीक्षकांनी विचारले, हे कोणी केले. माझ्या बाजूला झिपरूबाबा खरारा हातात घेऊन उभे होते. खरारा म्हणजे घोड्याचे अंग घासायचा दातेरी ब्रश. बावीस वर्षे ते आमच्याकडे मोतद्दार होते. घोड्याला खाऊ घालणे, घासणे, फिरवणे, रिंगणासाठी सजवणे, सगळे तेच करत. मी म्हणालो, “जनावराचं सगळं हे बघतात. मला कल्पना नाही.” झिपरूबाबांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा पायाकडे पाहिले, आणि म्हणाले, “हो. मीच लावलं.”

त्यांचे नाव भोंग्यावरून तीनदा वाचले गेले. आठ दिवसांनी ते माझ्याकडचे काम सोडून गेले. मी त्यांना थांबवले नाही. थांबवले असते तर रोज त्यांचे तोंड पाहावे लागले असते.

तालुक्याहून आलो त्या दुपारी मी मास्तरला स्वतः तयार करायला घेतले. मला वाटले, चांगले घासले, नीट सजवले, तर तो अर्ज मागे घेईल. आता हे लिहिताना ते मला पोरकट वाटते, पण तेव्हा मी पूर्ण गंभीर होतो. आधी गवताच्या बोळ्याने त्याचे अंग चोळले. मग मानेपासून खरारा फिरवला. झिपरूबाबा तो गोल गोल फिरवत आणि दर चार हातांनी जमिनीवर आपटून धूळ झाडत. माझ्या हाताला ती लय सापडेना. मी दाबून घासले की मास्तरच्या कातडीवर थरथर उठे, हलके घासले की धूळ तिथेच राही. आयाळ विंचरताना फणी अडकली तेव्हा त्याने मान किंचित माझ्याकडे झुकवली, जेणेकरून मला सोडवता यावी. त्याने मला कुठेही अडवले नाही. ज्याची लाज वाटते अशा माणसाशी आपण जसे सभ्यपणे वागतो, तसा तो वागत होता.

पुढचे दोन पाय झाले. मागचा डावा झाला. मग मी उजव्या बाजूला गेलो आणि खाली बसलो. जिथे कातडी सोलली होती तिथे केस राखी रंगाचे आले होते. पांढरे नाहीत, तांबडे नाहीत. विटकरी भिंतीवर सिमेंटचा हात मारावा तसा तो पट्टा दिसत होता. वर्षभर मी त्या बाजूने कधी गेलोच नव्हतो हे मला तेव्हा कळले. मी ब्रश टेकवणार होतो, पण हात पुढे गेला नाही. तो पाय तसाच ठेवून मी उठलो.

प्रमिला, माझी बायको, दारात उभी होती. तिने अर्ज वाचला होता. कागद मी देवघरातल्या फळीवर ठेवला होता, आणि तिथे तीच जास्त वेळा जाते.

“ती पाकिटं माझ्या कपाटातली होती,” ती म्हणाली. “तीन कमी झाली होती.”

मी तिच्याकडे पाहिले. वर्षभर ती एक अक्षर बोलली नव्हती.

“मला वाटलं, तुम्ही सांगाल. आज सांगाल, उद्या सांगाल. मग मला विचारायची लाज वाटायला लागली.” ती आत वळली. जाता जाता म्हणाली, “घोड्याने माझ्या आधी तोंड उघडलं, हे काही बरं झालं नाही.”

रविवारी मी झिपरूबाबांना शोधायला गेलो. घोडेवाल्यांपैकी कोणी त्यांना काम दिले नव्हते. आता ते हमरस्त्यावर गाड्या धुण्याच्या एका ठिकाणी काम करत होते, असे मला दूध डेअरीत कळले होते. मी गेलो तेव्हा ते एक ट्रॅक्टर पुसत होते. आधी पुढून, मग मानेच्या जागी, मग मोठ्या चाकावरून मागे, फडके गोल फिरवत आणि दर चार हातांनी झटकत. ट्रॅक्टरच्या मागून जाताना त्यांनी त्याच्या मडगार्डवर तळहात ठेवला, मी मागे आहे हे त्याला कळावे म्हणून. घोड्याच्या मागून जाताना तसाच हात ठेवावा लागतो.

मला पाहून ते थांबले नाहीत. काम संपवले, हात धुतले आणि उलट्या ठेवलेल्या बादलीवर मला बसायला सांगितले. मी अर्जाची नक्कल त्यांना वाचून दाखवली. त्यांनी चौथे कलम पुन्हा वाचायला सांगितले. मी पुन्हा वाचले.

“पायाला थंड पाणी सोडता ना रोज?” त्यांनी विचारले.

मी अर्जाची घडी घातली.

“सोडत जा,” ते म्हणाले.

मी त्यांना सचिवांनी सांगितलेले सगळे सांगितले. जबाब दिला तर बंदी उठेल, आणि ते मास्तरला घेऊन रिंगणात जाऊ शकतील. मी जबाब देणार की नाही हे मी बोललो नव्हतो, आणि त्यांनी विचारले नाही. मग मला जे विचारायचे होते ते मी विचारले. त्या दिवशी त्यांनी हो का म्हटले.

झिपरूबाबांनी थोडा विचार केला. त्यांना आठवून सांगायचे नव्हते, नीट सांगायचे होते, असे मला वाटले.

“तुम्ही परीक्षकांकडे बघून बोलला असता, भाऊ, तर मी नाही म्हटलं असतं,” ते म्हणाले. “तुम्ही माझ्याकडे बघून बोललात. मला वाटलं, तुम्ही मला विचारताय.”

रस्त्यावरून एक ट्रक गेला. मग त्यांनी सांगितले की ते येतील, पण असे नाही. त्यांचे नाव भोंग्यावर घेतले गेले होते, ते भोंग्यावरच परत घेतले गेले पाहिजे. ते ऐकू आले तर ते येतील. त्यांचे घर प्रदर्शनाच्या मैदानापासून एका शेताच्या अंतरावर आहे, भोंगा तिथे स्वच्छ ऐकू येतो. मागच्या वर्षी त्यांच्या बायकोने घरात बसूनच ऐकले होते.

सोमवारी सकाळी अकराला समितीच्या कार्यालयात सुनावणी झाली. वाणी, समितीचे दोन सदस्य, लिहून घ्यायला साहेबराव, मी आणि मास्तर. मास्तर एकटाच चालत आला होता आणि माझ्या आधी पोचला होता. खोली लहान असल्याने तो दाराशी, अर्धा आत आणि अर्धा बाहेर उभा राहिला. त्यामुळे पंख्याचा वारा त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. एका सदस्याने पंखा त्याच्याकडे वळवायला सांगितला.

मला वाटले होते की सांगताना मी रडेन किंवा अडखळेन. तसे काही झाले नाही. वाणी प्रश्न विचारत गेले आणि मी उत्तरे देत गेलो. पदार्थ कोणता. किती. कशात कालवला. स्टीलच्या वाटीत. ती वाटी आता कुठे आहे. घरात, वापरात. लावायला काय घेतले. दाढीचा ब्रश. पदार्थ किती वेळ ठेवला. पाऊण तास. जनावराने त्या वेळी काही हरकत घेतली का. पाय दोनदा मागे ओढला. आपण त्याचा काय अर्थ लावला. मी म्हणालो की मी अर्थ लावला नाही, दोरी आखडली. साहेबराव लिहीत होता. त्याच्या पेनचा आवाज येत होता. दोरीच्या वाक्याशी तो क्षणभर थांबला आणि मग त्याने तेही लिहिले.

त्या वेळी झिपरू सोनवणे कुठे होते, असे वाणींनी विचारले. मी म्हणालो की ते तिथे नव्हते. वाणींनी साहेबरावला ते लिहायला सांगितले आणि जबाब संपवण्याआधी मास्तरकडे वळून विचारले की अर्जदाराला यात काही दुरुस्ती सुचवायची आहे का.

मास्तर म्हणाला, “झिपरूबाबा आपणहून गेले नव्हते. मला गूळ आणायला म्हणून त्यांना मालकाने पाठवलं होतं. गूळ घरात होता.”

मी त्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. मध्यम वयाच्या माणसाचा असतो तसा होता. त्यात राग नव्हता. वाणींनी मला विचारले की हे बरोबर आहे का. मी हो म्हणालो. मी हे विसरलो नव्हतो. गेले वर्षभर मी स्वतःला ही गोष्ट सांगत आलो, तेव्हाही मी तो गूळ त्यातून वगळूनच सांगत होतो. आणि इथे वर मी तुम्हाला सांगितली, तेव्हाही ‘ते तिथे नव्हते’ एवढेच म्हणालो. साहेबरावने समासात खूण करून वाक्य घातले. मी त्याखाली सही केली. मास्तरने ठसा दिला.

निकाल तिथेच सांगण्यात आला. झिपरू सोनवणे यांची बंदी उठली. ती बातमी प्रदर्शनाच्या सकाळी भोंग्यावरून तीनदा वाचली जाईल, मूळ नाव जितक्या वेळा वाचले होते तितक्या वेळा. घोडा रंगवल्याबद्दल माझ्यावर बंदी आली, पण ती पुढच्या वर्षापासून, कारण या वर्षी माझी दुसऱ्या कामासाठी गरज होती. नियम असा होता की अर्जदार जनावर रिंगणात असेल तोपर्यंत त्याचा खुंट रिकामा ठेवता येत नाही. अशा वेळी मालकाने जनावराच्या जागी उभे राहावे. वाणींनी मला नियमाचे पान दाखवले. मी वाचून परत दिले.

प्रदर्शनाच्या सकाळी मी मास्तरला घेऊन मैदानावर गेलो. खरे म्हणजे आम्ही एकाच वेळी गेलो. आमचा खुंट एकेचाळीस नंबरचा होता. साडेसातला भोंगा सुरू झाला. आधी ढोलाचा आवाज, मग हॅलो हॅलो, मग माझा जबाब. मला वाटले होते की फक्त निकाल वाचतील. त्यांनी सगळा जबाब वाचला, वाटी आणि दाढीच्या ब्रशासकट. आजूबाजूचे घोडेवाले आपापल्या कामात राहिले. कोणी माझ्याकडे वळून पाहिले नाही. तसे न पाहण्यासाठी त्यांना किती प्रयत्न करावा लागत होता ते मला दिसत होते. दुसऱ्यांदा वाचून होत असताना झिपरूबाबा शेताच्या बांधावरून येताना दिसले. त्यांच्याबरोबर त्यांची बायको होती. ती बांधावरच थांबली आणि तिसऱ्यांदा वाचून होईपर्यंत तिथेच उभी राहिली. मग घरी गेली.

झिपरूबाबांनी सदरा काढून कुंपणावर टाकला आणि कामाला लागले. मी हाताशी होतो. ते हात पुढे करत आणि मी वस्तू देत होतो. आधी बोळा, मग खरारा, मग मऊ ब्रश, मग ओले फडके, मग कोरडे. त्यांनी मास्तरच्या कानांमागे, पोटाखाली, शेपटीच्या मुळाशी हात घातला. मी घासून गेलो होतो तिथली धूळ त्यांनी न बोलता काढली. नाकपुड्या आणि डोळ्यांच्या कडा वेगळ्या फडक्याने पुसल्या. आयाळीला खोबरेल लावून ती एका बाजूला पाडली. खुरांच्या आतली माती काढून त्यांना तेलाचा हात दिला. मास्तरने डोळे अर्धे मिटले होते. त्याचा खालचा ओठ सैल सुटला होता. गेल्या वर्षभरात मी त्याला असे पाहिले नव्हते.

मागचा उजवा पाय त्यांनी सगळ्यात शेवटी घेतला. मला वाटले, ते राखी पट्टा तेलाने दडवतील. असे करतात, आणि त्याला रंगवणे म्हणत नाहीत. त्यांनी मला तो पाय धरायला सांगितला. मी खाली बसून मांडीवर घेतला. तो जड आणि कोमट होता. झिपरूबाबांनी पट्टा पाण्याने धुतला, केस वरच्या दिशेने फिरवून वाळवले आणि मग सरळ केले. पट्टा पूर्वीपेक्षा जास्त स्पष्ट दिसू लागला.

“दिसेल,” मी म्हणालो.

“दिसू दे,” झिपरूबाबा म्हणाले. “त्याचा पाय आहे.”

मग त्यांनी सदरा घातला, वरचे बटण लावले आणि मास्तरला सोडले. जाण्याआधी साहेबरावने येऊन मास्तरची दोरी माझ्या मनगटाला बांधली. गाठ सैल होती. खुंटावरच्या पाटीवर मास्तरच्या माहितीवर त्याने कागद चिकटवला. त्यावर लिहिले होते, ‘मालक. वय बावन्न. जनावराच्या जागी.’

खुंटापासून रिंगण दिसत नाही. मध्ये तंबू आहेत. मला ढोल ऐकू येत होता आणि मधूनमधून लोकांचा आवाज. मी उभा राहिलो. बसायची परवानगी आहे का हे मी विचारले नव्हते. घोडे बसत नाहीत. लोक रांगेने येत होते, चाळिसाव्या खुंटावरची घोडी पाहत होते, मग मला पाहत होते. पाटी वाचत होते. निमाडहून आलेल्या एका म्हाताऱ्याने साहेबरावला विचारले की याचे काय आहे. साहेबरावने थोडक्यात सांगितले. म्हातारा बरं म्हणाला, माझ्याभोवती एक चक्कर मारून आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून जरा दाबून पाहिले आणि पुढे गेला. एका बाईने आपल्या नवऱ्याला सांगितले की हे कोणाचे तरी मालक आहेत. आमच्या दूध डेअरीचे दोन सभासद आले. त्यांनी मला ओळखले. त्यांनी पाटी शेवटपर्यंत वाचली, मग त्यातला एकजण नमस्कार म्हणाला. मी नमस्कार करायला हात जोडले तेव्हा दोरी ताणली गेली. वडिलांना ओळखणारे एक गृहस्थ लांबून पाहून परत फिरले. ते परत फिरले याचे मला बरे वाटले आणि बरे वाटल्याचे वाईट वाटले.

अकराच्या सुमारास भोंग्यावरून निकाल सांगितले. मास्तरला चौथा क्रमांक मिळाला. परीक्षकांनी शेरा दिला होता की चाल उत्तम, निगा उत्तम, मागील उजव्या पायावर जुनी जखम. नेणाऱ्याचे नाव झिपरू सोनवणे. ते एकदाच वाचले गेले, इतरांचे वाचले तसेच.

पण मास्तर लगेच परतला नाही. क्रमांक मिळालेल्या घोड्यांची गावातून मिरवणूक निघते. ती उन्हे उतरल्यावर परत आली. तोपर्यंत चाळिसावा खुंट रिकामा झाला होता, बेचाळिसावाही. मास्तरच्या गळ्यात झेंडूची माळ होती. त्याने माझ्याकडे पाहिले. पाच दिवसांत पहिल्यांदाच नीट पाहिले. मला वाटले, तो काही बोलेल. तो बाजूच्या मोकळ्या खुंटाशी जाऊन उभा राहिला.

साहेबराव कागद घेऊन आला. त्यावर माझी सुटका अर्जदाराच्या ठशाने व्हायची होती. त्याने कागद मास्तरसमोर धरला. मास्तरने वाचला आणि म्हणाला की विचार करून कळवतो. साहेबराव म्हणाला की काही घाई नाही, कार्यालय सकाळी दहाला उघडते. त्याने कागद परत फाइलमध्ये घातला आणि सायकल काढली.

झिपरूबाबांनी मास्तरच्या अंगावरचा घाम पुसला, माळ काढली, त्याला थोडे फिरवून आणले. मग हापशावरून एक बादली पाणी आणून त्याच्यापुढे ठेवली. तो पिऊन झाल्यावर त्यांनी बादली उचलली, विसळली, पुन्हा भरली आणि माझ्यापुढे आणून ठेवली. आणि मोतद्दार उभा राहतो तसे, एक पाऊल बाजूला, थांबले. माझा उजवा हात बांधलेला होता.

मी वाकलो आणि प्यालो.